जीपगाडीचा गिअरबॉक्स

यंत्रांचा इतिहास लिहिण्याची एक ठराविक रीत आहे. शोधकाचें नांव, पहिल्या नमुन्याचें साल, कारखान्याची स्थापना आणि खपाचे आंकडे एवढें सांगितलें म्हणजे इतिहास पुरा झाला, असें सामान्यतः समजलें जातें. परंतु यंत्र जन्मास येणें ही एक गोष्ट आणि तें पन्नास-पन्नास वर्षें चालत राहणें ही अगदीं दुसरी. पहिल्या गोष्टीचे कागद कारखान्यांच्या दप्तरांत सांपडतात. दुसरीचे कागद बहुधा कोठेंच नसतात.

याचें एक साधें उदाहरण प्रत्येक मोटार बाळगणाऱ्या घरांत आहे. गाडीचें नोंदणीपत्र काढून पाहावें. त्यावर चासीचा क्रमांक असतो, इंजिनाचा क्रमांक असतो, मालकाचें नांव व पत्ता असतो. इंजिनाची शक्ति चाकांपर्यंत नेणाऱ्या गिअरबॉक्सचा मात्र त्यावर उल्लेख नसतो. तो एकदां बदलला काय आणि चार वेळां बदलला काय, सरकारच्या लेखीं गाडी तीच. जुन्या जीपगाडीच्या बाबतींत तर हा विनानोंदीचा अवयवच तिच्या दीर्घायुष्याचें मुख्य कारण ठरला आहे. तेव्हां जीपचा इतिहास या अवयवाच्या बाजूनें पाहिल्यास कांहीं निराळें दिसतें.

त्यासाठीं ठाणें जिल्ह्यांतील शीळफाट्यासारखें ठिकाण डोळ्यांपुढें आणावें. ठाण्याहून कळवा व मुंब्रा या गांवांवरून, पारसिकच्या डोंगराच्या पायथ्याशीं वळण घेत येणारा जुना मुंबई-पुणें रस्ता येथून पनवेलकडे जातो. येथेंच डोंबिवलीवरून कल्याणकडे जाणारा रस्ता फुटतो, आणि एक रस्ता डोंगर ओलांडून म्हाप्याकडे उतरतो. नांवाप्रमाणेंच हा फाटा आहे. पनवेलकडे गेलें कीं पुढें खोपोली व बोरघाट. कल्याणकडे गेलें कीं पुढें मुरबाड व माळशेज. म्हणजे दोन घाटांच्या वाटा येथें वेगळ्या होतात. अशा फाट्यांवर मोटारदुरुस्तीचीं दुकानें, टायरवाले आणि भंगाराचीं गोदामें उभीं राहतात, हा योगायोग नव्हे. घाट चढून-उतरून आलेल्या गाडीचीं दुखणीं सपाटीवरच्या पहिल्या थांब्यावर बाहेर पडतात, आणि जेथें दुखणें तेथें वैद्य.

जीपचा जन्म युद्धांतला. १९४० सालीं अमेरिकेच्या सैन्यानें टेहळणीसाठीं एक हलकी, चारही चाकांना जोर असलेली गाडी मागितली, आणि ती अगदीं थोड्या मुदतींत तयार व्हावी अशी अट घातली. अमेरिकन बँटम या लहानशा कंपनीसाठीं कार्ल प्रॉब्स्ट या अभियंत्यानें पहिला आराखडा आंखला, व त्याच वर्षाच्या सप्टेंबरांत नमुना सैन्याच्या हवालीं झाला. पुढें मोठ्या प्रमाणावर उत्पादनाचें काम विलिस-ओव्हरलँड व फोर्ड या कंपन्यांकडे गेलें, आणि युद्ध संपेपर्यंत दोघींनीं मिळून सहा लाखांहून अधिक गाड्या बनविल्या. यांतील महत्त्वाची गोष्ट संख्येची नाहीं. दोन निरनिराळ्या कंपन्यांच्या गाड्यांचे मुख्य भाग एकमेकांस बसले पाहिजेत, हा सैन्याचा आग्रह होता. रणांगणावर मोडलेल्या दोन गाड्यांतून एक चालती गाडी उभी करतां आली पाहिजे, हा त्यामागील हेतु. युद्धाच्या गरजेंतून आलेला हा गुण पुढें शांततेच्या काळांत गरीब देशांच्या कामीं आला.

आतां गिअरबॉक्स म्हणजे काय तें पाहूं. पेट्रोलचें किंवा डिझेलचें इंजिन फार सावकाश फिरवितां येत नाहीं. तें बंद पडतें. उलट चढावर किंवा चिखलांत चाकें सावकाश पण जोरानें फिरावीं लागतात. लहान दंतचक्रानें मोठें दंतचक्र फिरविलें कीं वेग कमी होतो व जोर वाढतो, या तत्त्वावर लहानमोठ्या चक्रांच्या जोड्या एका तेल भरलेल्या पेटींत बसवितात. फ्रान्समध्यें एमील लव्हासोर यानें १८९० च्या दशकांत अशी सरकत्या चक्रांची पेटी मोटारींत रूढ केली. त्या काळीं दोन फिरतीं चक्रें एकमेकांत अडकवितांना दांत करकरत. १९२८ सालीं अमेरिकेंत कॅडिलॅक गाडींत सिंक्रोमेशची युक्ति आली. त्यांत दांत जुळण्यापूर्वीं पितळी कड्यांच्या घर्षणानें दोन्ही चक्रांचा वेग सारखा केला जातो.

युद्धकाळच्या जीपमधील टी-८४ या पेटींत पुढें जाण्याचे तीन गिअर होते, पैकीं दुसऱ्या व तिसऱ्यालाच सिंक्रोमेश होता. पहिल्या गिअरला तो नव्हता, म्हणून गाडी थांबल्यावांचून पहिला गिअर घालूं नये, असा दंडक होता. या पेटीच्या पाठीमागें स्पायसर-१८ नांवाची दुसरी पेटी जोडलेली असे. हिला ट्रान्सफर केस म्हणतात. मागच्या व पुढच्या आसांमध्यें जोर वांटून देणें आणि वेग आणखी कमी करून जोर वाढविणें, हीं तिचीं दोन कामें. चालकाच्या उजव्या हाताशीं म्हणून तीन दांडे असत : एक गिअरचा, एक पुढच्या चाकांना जोर देण्याचा, आणि एक मंद गतीचा. पहिला गिअर व मंद गति दोन्ही घातलीं म्हणजे इंजिनाचे सुमारें २६ फेरे होत तेव्हां चाकाचा एक फेरा होई. युद्धानंतर १९४५ सालीं विलिसनें शेतकऱ्यांसाठीं जी नागरी जीप काढली तिच्यांत टी-९० ही अधिक दणकट पेटी आली, व हेंच प्रमाण सुमारें ३७ फेऱ्यांपर्यंत गेलें. नांगरटीच्या कामास व डोंगरी चढास तें उपयोगी पडे.

ही गाडी आपल्या मुलुखांत दोन वाटांनीं आली. पहिली वाट सैन्याची. कल्याणजवळ युद्धकाळांत मोठी लष्करी छावणी होती. फाळणीनंतर तिच्या बराकींत सिंधी निर्वासितांस आसरा मिळाला, व ८ ऑगस्ट १९४९ रोजीं तेथील वसाहतीस उल्हासनगर हें नांव मिळालें. युद्ध संपल्यावर देशभर साठलेलें शिलकी लष्करी सामान विक्रीस निघालें व त्यांत मोटारीही होत्या. जुन्या जीपचा व्यवहार किती फसवा असूं शकतो, याचा धडा स्वतंत्र भारताच्या सरकारलाही लौकरच मिळाला. १९४८ सालीं लंडनमधील भारतीय हायकमिशनमार्फत डागडुजी केलेल्या जीपगाड्या खरेदी करण्याचा करार झाला. त्यांपैकीं मद्रास बंदरांत उतरलेल्या १५५ गाड्या वापरण्यास अयोग्य ठरल्या, आणि त्यावरून संसदेंत मोठें वादळ उठलें. जुन्या गाडीची परीक्षा रंगावरून होत नाहीं, आंतल्या दांतांवरून होते, हें त्या प्रकरणाचें सार म्हणतां येईल.

दुसरी वाट मुंबईच्या उद्योगाची. १९४५ सालीं जे. सी. महिंद्र व के. सी. महिंद्र हे बंधु आणि मलिक गुलाम महंमद यांनीं मुंबईंत महिंद्र अँड महंमद ही पोलादाच्या व्यापाराची पेढी काढली. फाळणीनंतर गुलाम महंमद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले, व १९४८ सालीं पेढीचें नांव महिंद्र अँड महिंद्र असें झालें. याच सुमारास या पेढीनें पेट्यांतून आलेले विलिस जीपचे सुटे भाग माझगांव येथें जोडून गाड्या तयार करण्यास आरंभ केला. पुढें कांदिवलीच्या कारखान्यांत हळूहळू भागही येथेंच घडूं लागले. उंच टोपणाची सीजे-थ्री-बी ही गाडी अमेरिकेंत १९६८ सालीं बंद झाली. भारतांत मात्र तिचा वंश पुढें कित्येक दशकें चालू राहिला. जी पेटी अमेरिकेंत संग्रहाची वस्तु झाली ती येथें नित्य वापरांत होती.

जीपला काम तरी किती निघालें! २ ऑक्टोबर १९५२ रोजीं समूह-विकास योजना सुरू झाली व विकास-अधिकारी म्हटला कीं त्याची जीप, हें चित्र खेड्यापाड्यांत रूढ झालें. १ मे १९६२ पासून महाराष्ट्रांत जिल्हा परिषदा आल्या. देवीची लस, हिवतापाचें औषध, निवडणुकीच्या मतपेट्या, दुष्काळी कामांवरील हजेरीपट, सर्वांची ने-आण या गाडीनें केली. सरकारी नोकरींतून निवृत्त झालेली जीप लिलांवांत विकली जाई आणि तिचें दुसरें आयुष्य सुरू होई. एस. टी. पोंचत नव्हती तेथें ती उतारू भरून धांवूं लागली. पश्चिम महाराष्ट्रांत या वाहतुकीला वडाप हें नांव पडलें. जी गाडी चार-पांच सैनिकांसाठीं योजलेली, तिचीं धाकटीं भावंडें दहा-बारा माणसें आणि वर टपावर गांठोडीं घेऊन घाट चढूं लागलीं.

याच काळांत दुसरा एक बदल झाला. पेट्रोल महाग, डिझेल स्वस्त. त्यामुळें जुन्या पेट्रोल-जीपमध्यें डिझेल इंजिन बसविण्याचा धंदा गॅरेजांतून फोफावला. १९७९ सालीं महिंद्र कंपनीनें फ्रान्सच्या प्यूजो कंपनीशीं डिझेल इंजिनाचा करार केला, आणि कारखान्यांतूनही तशा गाड्या येत. डिझेल इंजिनाचा जोर कमी फेऱ्यांत व धक्क्याधक्क्यानें येतो. पेट्रोल इंजिनाच्या मापानें घडलेल्या जुन्या पेटीच्या दांतांवर त्याचा भार अधिक पडला. खर्चाची बचत टाकींत झाली आणि तिची किंमत गिअरबॉक्सनें दिली.

गिअरबॉक्स एकाएकीं मरत नाहीं; तो आधीं बोलूं लागतो. पहिलें लक्षण म्हणजे दुसरा गिअर घालतांना होणारी करकर. सिंक्रोमेशचें पितळी कडें झिजलें, असा तिचा अर्थ. तेल बदलतांना त्यांत सोनेरी चकाकी दिसली तर ती याच पितळेची. पोलादाचे बारीक कण दिसले तर दांत किंवा बेअरिंग खाल्लें जात आहे असें समजावें. पुढें पेटी रडल्यासारखा एकसुरी आवाज करूं लागते. शेवटचें व सर्वांत घातक लक्षण म्हणजे गिअर सुटणें. दांत तिरपे झिजतात, शाफ्टाला आजूबाजूस हालण्यास जागा मिळते, आणि चालकानें पाय उचलतांच दुसऱ्या गिअरचा दांडा आपोआप मध्यावर येतो.

सपाटीवर हा नुसता त्रास वाटतो. घाटांत तो जिवावरचा प्रसंग असतो. उतारावर अवजड गाडी केवळ ब्रेकनें धरतां येत नाहीं. ब्रेक तापतात व निकामी होतात. म्हणून खालच्या गिअरमध्यें इंजिनाकडूनच चाकें आंवरून धरावयाचीं असतात. १८३० सालीं बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाला तेव्हां बैलगाड्यांनाही उतारावर चाकें आंवरावीं लागतच. मोटारींत तें काम दुसऱ्या गिअरनें करावयाचें. तोच उतारावर सुटला कीं गाडी मोकळी होते. मागें बसलेल्या उतारूंना याची कल्पनाही नसते. गिअरबॉक्स वेळेवर बदलणें हा पैशाचा प्रश्न दिसतो, परंतु मुळांत तो या उतारूंच्या जिवाचा प्रश्न आहे.

झिजलेली पेटी बदलण्याचें काम जीपमध्यें असें होतें. प्रथम बॅटरीची तार सोडून, चाकांना उटी लावून गाडी पक्क्या घोड्यांवर घेतात. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखालीं शहाणा मिस्त्री शिरत नाहीं. पेटींतील तेल काढून टाकतात. पायांखालचा पत्रा उघडून तिन्ही दांडे मोकळे करतात. खालून पुढचा व मागचा असे दोन्ही प्रोपेलर शाफ्ट सुटतात. जीपचा हातब्रेक चाकांवर नसून ट्रान्सफर केसच्या मागील तोंडाशीं असतो. त्याची जोडणी, क्लचची जोडणी व वेगदर्शकाची तारही सोडावी लागते. मग येतो आडवा पट्टा. पेट्यांचा व इंजिनाच्या मागील अंगाचा भार याच पट्ट्यावर असतो. म्हणून तो सोडण्यापूर्वीं इंजिनाखालीं लांकडाचा ठोकळा घालून टेकू द्यावा लागतो. टेकू विसरला तर इंजिन मागें झुकतें. यानंतर गिअरबॉक्स व ट्रान्सफर केस एकत्रच मागें सरकवून खालीं उतरवितात. तें ओझें एकट्या माणसाला पेलण्याजोगें नसतें.

नवी पेटी बसवितांना खरी कसोटी लागते. गिअरबॉक्सचा पुढचा शाफ्ट क्लचच्या तबकडींतून जाऊन फ्लायव्हीलमधील बुशांत बसावा लागतो. तबकडी केंद्रांत नसेल तर तो जात नाहीं. यासाठीं जुन्या भंगार पेटींतला शाफ्ट काढून ठेवतात व तोच तबकडी मध्यावर आणण्याचें हत्यार म्हणून वापरतात. पेटीचें वजन क्षणभरही तबकडीवर लटकूं देऊं नये, ती वांकडी होते. आणि बोल्ट आंवळून पेटी पुढें ओढूं नये, ती हातानें सरकून बसली पाहिजे. क्लचचें बेअरिंग व शाफ्टांचीं ऑइल सील याच वेळीं बदलतात, कारण पुढें त्यासाठीं पुन्हां सर्व खोलावें लागेल. दोन पेट्यांमधील सील झिजलें असेल तर एकींतलें तेल दुसरींत उतरतें; वर तेल भरलें असूनही पहिली पेटी कोरडी पडते.

परंतु या सर्वांहून अवघड काम गाडीखालीं होत नाहीं, तें भंगाराच्या ढिगापुढें होतें. शीळ-डायघरच्या पट्ट्यांत किंवा कुर्ल्याच्या जुन्या भागांच्या बाजारांत जीपची पेटी मिळाली म्हणून ती बसेलच असें नाहीं. स्पायसर-१८ हीच ट्रान्सफर केस घ्या. बाहेरून तिचें कवच वर्षानुवर्षें जवळजवळ तेंच राहिलें, पण आंतल्या मधल्या शाफ्टाची जाडी पाऊण इंचावरून प्रथम सव्वाएक इंचाच्या थोडी खालीं व नंतर सव्वाएक इंचावर गेली. गिअरबॉक्सच्या मागील टोंकावर बसून तिला फिरविणाऱ्या चक्राचे दांतही कांहींत २६ व कांहींत २९ असतात. टी-८४ च्या जागीं टी-९० बसवावयाची तर शाफ्टाची लांबी व क्लचच्या कवचाची जुळणी आधीं पाहावी लागते. म्हणून जाणता मिस्त्री सौदा करण्यापूर्वीं झांकण उघडतो, दांत मोजतो, शाफ्ट पुढेंमागें हलवून ढिलाई पाहतो, आणि नखानें कड्याची धार तपासतो. हें ज्ञान कोणत्याही पाठ्यपुस्तकांतून त्याच्याकडे आलेलें नसतें. उस्तादाच्या हाताखालीं पाने पुसतांपुसतां तें आलेलें असतें.

जीपच्या इतिहासांत या ज्ञानाचा वांटा किती, हें सांगण्यास आंकडे नाहींत. कारण या अवयवाची नोंदच कोणी ठेविली नाहीं. सैन्यानें भाग एकमेकांस बसतील असे करविले, कारखान्यानें दीर्घकाळ तीच घडण चालू ठेविली. पण त्या सोयीचा उपयोग करून प्रत्यक्ष गाडी चालती ठेवणारा माणूस फाट्यावरच्या पत्र्याच्या छपराखालीं होता. कारखान्यानें गाडीला जन्म दिला, छपरानें तिला वय दिलें.

आतां या वयालाच कायद्याची सीमा आली आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणें मूळ तपशिलांत फरक पडेल असा फेरफार गाडींत करतां येत नाहीं. झिजलेल्या भागाच्या जागीं त्याच जातीचा भाग बसविणें ही मात्र दुरुस्तीच होय. २०२१ सालीं केंद्र सरकारनें जुनीं वाहनें मोडींत काढण्याचें धोरण जाहीर केलें. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरील सरकारी गाड्यांची नोंदणी संपुष्टांत आली, आणि खाजगी जुन्या गाडीस नोंदणीच्या नूतनीकरणासाठीं तपासणींतून उतरावें लागतें. यामागील कारणें खोटीं नाहींत. जुन्या इंजिनाचा धूर शहरांतील मुलांच्या छातींत जातो. जुन्या गाडीला आजच्या सुरक्षिततेचीं साधनें नसतात. केवळ ममतेपोटीं तीं कारणें नाकारणें शहाणपणाचें होणार नाहीं.

तथापि दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. नवी गाडी घडविण्यास पोलाद, वीज व पैसा लागतो. झिजलेल्या एका पेटीच्या बदल्यांत संपूर्ण गाडी मोडणें हा प्रत्येक वेळीं काटकसरीचा मार्ग नव्हे. शिवाय गाडी मोडली कीं तिच्याबरोबर ती दुरुस्त करण्याची विद्याही मोडते. आजच्या पुष्कळ गाड्यांत बिघडलेला भाग उघडावयाचा नसतो, तो सबंध फेंकून नवा घालावयाचा असतो. त्यांत वेळ वांचतो, पण हात अडाणी राहतो. धूर व अपघात टाळण्यासाठीं कडक तपासणी असावी. जी गाडी त्या तपासणीस उतरेल तिला केवळ वयासाठीं मारूं नये. आणि तिला तसें ठेवणाऱ्या कारागिराच्या कसबास कांहीं प्रतिष्ठित शिक्षणाचें स्थान द्यावें, असा मध्यममार्ग अशक्य नाहीं.

देशांतील उद्योगाचा इतिहास सांगतांना कारखान्याच्या कोनशिलेचें साल अवश्य सांगावें. पण त्या कारखान्यांतून निघालेलें यंत्र कोणी, कोठें व कोणत्या हत्यारानें जिवंत ठेविलें, हेंही विचारावें. त्याचें उत्तर नोंदणीपत्रावर मिळणार नाहीं. जुन्या मिस्त्र्यांची पिढी हयात आहे तोंवर तें त्यांच्याकडून ऐकून लिहून ठेवतां येईल. नंतर येणार नाहीं.